पाचव्याचा वाटा

त्या संगणकांना मॉनिटर नव्हते. कॉलेजने नवे संगणक घेतले तेव्हा जुन्यांचे मॉनिटर ऑफिसने ठेवून घेतले आणि नुसते डबे आमच्याकडे पाठवले. भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेमागे एक लांबट खोली होती. पूर्वी तिथे दगडांचे नमुने असत. बेसाल्टचे तुकडे जिथे चिठ्ठ्या लावून ठेवलेले असायचे, त्याच लोखंडी मांडणीवर मी ते आठ डबे ओळीने लावले आणि एकमेकांना तारांनी जोडले. खिडकी उघडली की खाडीकडचा खारा वारा यायचा, म्हणून ती बंदच ठेवायची. आत फक्त पंख्यांची घरघर. बाहेरून आलेल्या माणसाला वाटायचं, दाराआड कुणीतरी एका सुरात पुटपुटतंय.

मॉनिटर नसलेल्या संगणकाला इंग्रजीत बिनडोक्याचा म्हणतात, हे मी विभागातल्या आमच्या मॅडमना सांगितलं आणि मला पस्तावा झाला. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी दारातूनच विचारायच्या, "काय म्हणतात आपली बिनडोक मुलं?" मी नुसती हसायचे. मग त्या म्हणायच्या, "तुझ्यापेक्षा तीच जास्त बोलतात गं."

दोन हजार सालानंतरची ती दोन-तीन वर्षं. मी नुकतीच पदवी घेऊन त्या विभागात तात्पुरती मदतनीस म्हणून लागले होते. शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे मॅन्युअल वाचायला मी पुढे आणि चार माणसांत बोलायला मागे. मॅडम देशावरच्या, मोठ्या आवाजाच्या. लग्नानंतर वसईत आल्या आणि इथल्या पाण्याच्या मागे लागल्या. विद्यार्थ्यांना घेऊन गावोगावच्या विहिरींचं आणि बावखलांचं पाणी त्या बाटल्यांतून आणायच्या आणि त्यातलं मीठ मोजायच्या. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं खणून केलेलं लहानसं तळं. विहिरीपेक्षा उथळ, पण वर्षभर शिंपणाला पुरणारं. तुळिंजकडच्या नव्या बिल्डिंगींना टँकरने पाणी जायचं ते आमच्याच गोड्या पट्ट्यातून. मॅडमना एकच गोष्ट शोधायची होती. इतका उपसा चालू राहिला, आणि पाऊस कधी कमी कधी जास्त पडला, तर समुद्राचं खारं पाणी जमिनीखालून कुठल्या विहिरीपर्यंत येईल?

याचं गणित अवघड नव्हतं, पण लांबलचक होतं. पुढचे पावसाळे कसे असतील ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून संगणकाने फासे टाकल्यासारखे हजारो पावसाळे कल्पायचे आणि प्रत्येक पावसाळ्यात प्रत्येक विहिरीचं काय होईल ते पाहायचं. मॅडमच्या टेबलावरचा एकटा संगणक हे करायला इतका वेळ घ्यायचा की उत्तर येईपर्यंत त्यांचा प्रश्नच बदललेला असायचा. त्या गणितात एका विहिरीचा हिशेब दुसरीवर अडून नव्हता. मग सगळ्या विहिरी एकाच मशीनला का द्यायच्या? आठ जणांत वाटून टाकल्या तर?

हे जगात इतरांनी कधीच केलेलं होतं. पण ज्यांनी केलं ते संगणकवाले होते. मी पुस्तकं वाचून, मासिकासोबत आलेल्या सीडीवरची प्रणाली टाकून ते जमवलं आणि उत्साहाने मॅडमना समजावायला बसले. त्यांनी थोडा वेळ ऐकलं, मग चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, "हे बघ, मला पाणी कळतं. हे तुझं मला कळून घ्यायचं नाही. मला दोन शब्द दे. एक टाइप केला की काम सुरू, दुसरा टाइप केला की उत्तर हातात."

मला ते पटलं. आजही पटतं. शास्त्रज्ञाने आपल्या प्रश्नाचा विचार करावा, तारांचा करू नये. मी सगळं आत लपवलं आणि दोन शब्द बाहेर ठेवले. ते शब्द मॅडमनीच दिले, पाचूबंदरहून. त्या तिथे मासळी घ्यायला जायच्या. बोट लागली की खलाशांचे वाटे मांडले जायचे. एकदा त्यांनी पाहिलं, माणसं होती त्याहून एक वाटा जास्त मांडलेला. हा कुणाचा म्हणून विचारलं, तर टोपली घेऊन बसलेल्या बाईने सांगितलं की त्या बोटीवरचा एक जण दर्यातून परत आलाच नाही, पण हंगाम सरेपर्यंत त्याचा वाटा मांडायचा. घरचं कुणी येऊन नेतं. मॅडमनी हे प्रयोगशाळेत येऊन सांगितलं आणि म्हणाल्या, "वाटा. चांगला शब्द आहे. आणि दुसरा, गोळा."

मॅडमच्या संगणकावर प्रत्येक मशीनच्या नावाचा एक कप्पा होता. इंग्रजी अक्षरांत 'वाटा' टाइप केलं की त्यात त्या मशीनच्या वाट्याच्या विहिरी पडायच्या. मशीन आपलं काम करून उत्तर त्याच कप्प्यात ठेवायचं. 'गोळा' टाइप केलं की सगळ्या कप्प्यांतली उत्तरं एकत्र होऊन मॅडमच्या पडद्यावर यायची. सुरुवातीला एखादं मशीन अडकलं तर गोळा करणारा प्रोग्राम त्याच्यासाठी थांबून राहायचा. एकदा मोठी सुट्टी लागून आली आणि एका अडकलेल्या मशीनपायी सगळं काम तसंच थांबून राहिलं. मॅडम वैतागल्या. एक जण आला नाही म्हणून पंगत अडवून ठेवायची नसते, म्हणाल्या. मग मी तो थोडा वेळच थांबेल असं केलं. त्यानंतर कप्प्यात जे असेल ते उचलायचं.

कुठलं उत्तर कधीचं, हे तारखेवरून कळलं असतं. पण त्या जुन्या मशीनच्या घड्याळांचे सेल संपलेले होते. वीज गेली आणि परत आली की सगळी एकोणीसशे ऐंशीच्या जानेवारीत जागी व्हायची. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. वसईत वीज रोज जायची, त्यामुळे मी तारखा बघणंच सोडून दिलं होतं.

आमचं घर गिरीजला. केळी, नारळ, थोडी भाजी, आणि बावखलाच्या कडेला पानवेलीचा मांडव. पानवेल आईची. तिथे चपला काढून, वाकून जायचं. पानवेलीला मीठ अजिबात चालत नाही. केळ कुरकुरते, नारळ सोसतो, पण पानवेल पहिल्यांदा मान टाकते. शेजारच्या दोन वाड्या विकल्या गेल्या होत्या आणि त्यांची बावखलं मातीने भरून झाली होती. बिल्डरचा माणूस आता आमच्या ओट्यावर येऊन बसायचा. गोड बोलायचा, चहा घ्यायचा. जमीन खारावली की मग कुणी विचारणार नाही, आत्ता विचारतोय तेव्हा ऐका, एवढंच तो दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगायचा. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांना वाडी विकायची नव्हती. पण तो माणूस सांगतो ते खरं असेल तर उद्या वाडीही जाईल आणि पैसाही येणार नाही, ही भीती त्यांच्या मनात शिरली होती.

एका संध्याकाळी हातपाय धुता धुता त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "बाय, तुमच्या त्या मशीनीत आपल्या बावखलाचं पानी हाय का?"

होतं. बाटली मीच नेली होती. घरात पानी, शाळेत वॉटर आणि प्रयोगशाळेत पाणी, अशा तीन भाषांत मी ते नेलं होतं. दादा म्हणाले, "मग विचार तिला. ती म्हनेल तसं करू."

मी विचारलं. गिरीजच्या विहिरी आणि बावखलं पाचव्या मशीनच्या वाट्याला होती. उत्तर आलं की पाणी गोड राहील. पुढच्या आठवड्यात मॅडमनी उपसा वाढवून पुन्हा वाटा केला, तरी गोड. पाऊस कमी करून पाहिला, तरी गोड. बाकीच्या गावांचे आकडे प्रत्येक वेळी थोडे हलायचे, कारण फासे वेगळे पडायचे. गिरीजचे जागचे हलायचे नाहीत. मॅडमना ते फार आवडलं. "गिरीजचं पाणी शहाणं आहे," त्या म्हणाल्या. "काहीही करा, ढिम्म." खाली वाळूचा जाड थर असेल, पाणी धरून ठेवत असेल, असं कारणही त्यांनी शोधलं. मी घरी जाऊन सांगितलं. दादांनी बिल्डरच्या माणसाला पहिल्यांदा चहा विचारला नाही.

मग घरात काहीतरी बिघडायला लागलं. काय, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. आईची डाळ शिजेना. ती दुकानदाराला बोल लावायची, मग स्वतःला. अंगाला साबण लागल्यासारखा वाटायचा नाही. केळीच्या पानांच्या कडा तपकिरी झाल्या तेव्हा दादा म्हणाले, ऊन जास्त आहे. एकदा जेवताना त्यांनी तांब्या तोंडाला लावला, घोट घेतला आणि तो तोंडात तसाच धरून ठेवला. आईने विचारलं तर गिळला आणि म्हणाले, काही नाही. त्या पावसाळ्यात त्यांना ताप येऊन गेला होता. त्यानंतर जिभेची चव गेलीय, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेऊ लागले. आई पानवेलीत जाऊन आली की हात पदराला पुसत राहायची. वेलीची टोकं वाळत होती. तिने ते दादांना सांगितलं नाही. माझ्याकडून काहीतरी चुकतंय, असं ती मला म्हणाली. सोवळ्याओवळ्यात काहीतरी.

आमच्याकडे भर बारा वाजता पाण्याच्या काठी जात नाहीत. म्हणून मी त्याच वेळी गेले. कुणी बघितलं नसतं. वाडीत पान हलत नव्हतं. पंप बंद होता. बावखलाचं पाणी हिरवं आणि इतकं स्थिर की वरून वाकलेला नारळ खाली जास्त खरा दिसत होता. मी ओंजळ भरून तोंडाला लावली. खारट लागलं. मग वाटलं, ओठांवरचा घाम असेल. दुसऱ्यांदा तोंड पुसून घेतलं. पुन्हा खारट. मी तिथे उभी राहिले आणि स्वतःलाच सांगितलं की गणित तसं म्हणत नाही. चार माणसांच्या उपयोगाचं काहीतरी मी पहिल्यांदाच केलं होतं. ते खरं असलं तर दादांची, आईची आणि माझी, तिघांच्याही जिभा खोट्या होत्या. तेच मला सोपं वाटलं.

त्यानंतरच्या एका दुपारी वीज गेली. खोलीतली घरघर थांबली. ती थांबली की कानांत दडे बसल्यासारखं व्हायचं. मॅडम वर्गावर होत्या. एरवी वीज गेली की मी बाहेर व्हरांड्यात जायचे, त्या दिवशी अंधारात तशीच बसून राहिले. वीज आली आणि मशीन एकामागून एक जागी झाली. जागं होताना प्रत्येक जण एक बारीक बीप द्यायचा. सुरुवातीला सगळं जोडताना ते इतक्यांदा ऐकले होते की मला कान न देताही ओळखू यायचे. पहिला घोगरा, तिसरा चिरका, असे. चौथ्यानंतर एक जागा रिकामी गेली आणि मग सहावा बोलला.

मला वाटलं, माझं लक्ष नसेल. मी उठून पाचव्यावर हात ठेवला. इतर डबे तोपर्यंत कोमट झाले होते. हा थंड होता. वर धूळ होती, आणि त्या धुळीत पंख्याच्या वाऱ्याची एकही रेघ नव्हती. मी स्क्रू काढून झाकण उचललं. आत वीजपुरवठ्याच्या डब्याला चिकटून एक पाल होती. काळी, चपटी, कागदासारखी वाळलेली. वासही उरला नव्हता. ती आत शिरली, तारेला लागली आणि मशीनला घेऊन गेली. हे आजचं नव्हतं, कालचंही नव्हतं.

पण गेल्याच आठवड्यात पाचव्याने उत्तर दिलं होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यातही. दर आठवड्याला.

मी झाकण उघडंच ठेवलं आणि मॅडमच्या टेबलाशी जाऊन 'वाटा' टाइप केलं. सगळ्यांचे वाटे पडले, पाचव्याचाही. मग थांबले. थोड्या वेळाने 'गोळा' टाइप केलं. उत्तरं ओळीने येऊ लागली. पाचव्याच्या जागी गिरीज आलं, आमचं बावखल आलं. गोड. मी मान वळवून पाहिलं. मांडणीवर तो डबा पोट फाडल्यासारखा उघडा पडला होता, आत पाल होती आणि माझ्यासमोर त्याचं उत्तर होतं. काय झालं असेल ते माझ्या डोक्याला कळत होतं. कप्प्यात त्याचं शेवटचं उत्तर पडून होतं आणि गोळा करणारा ते इमानाने पुन्हा पुन्हा उचलत होता. तरीही मी खोलीबाहेर गेले आणि व्हरांड्यात, जिथे मुलं बोलत होती, तिथे जाऊन उभी राहिले.

मॅडम आल्या तेव्हा मी त्यांना डबा दाखवला, मग पडदा दाखवला. त्यांची थट्टा त्या दिवशी आली नाही. बराच वेळ त्या पालीकडेच बघत होत्या.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत नाही. त्याच्या लेखी ऐंशी साल आहे."

त्या स्टुलावर बसल्या. "म्हणजे मी मेलेल्याला उपसा वाढवून दाखवत होते. पाऊस कमी करून दाखवत होते. आणि तो ऐकतोय असं समजून वर त्याला शहाणं म्हणत होते." मग हळूच, "पंगत अडवू नकोस असं मीच म्हणाले होते ना गं."

आम्ही गिरीज उरलेल्या मशीनमध्ये वाटून दिलं. कप्पे आधी रिकामे केले. जो येणार नाही त्याच्यापुढे रिकामी जागा दिसेल आणि सगळ्यांत वर ते ठळक लिहून येईल, असं मी केलं. मी ते करताना मॅडमनी शेजारी बसून पाहिलं आणि पहिल्यांदाच प्रत्येक ओळीला हे काय, ते काय, असं विचारलं. त्यांना आता आतलं बघायचं होतं. दोन शब्द दोनच राहिले, पण त्यांच्यामागे कोण हजर आहे हे त्या रोज वाचू लागल्या.

नवं उत्तर एक नव्हतं. काही पावसाळ्यांत आमचं बावखल लवकर खारावत होतं, काहींत उशिरा, थोड्यांत ते पुन्हा सावरतही होतं. गोडच राहील असं मात्र कुठलाच पावसाळा म्हणत नव्हता.

घरी गेले तेव्हा दादा ओट्यावर गोळीची पट्टी हातात घेऊन बसले होते. मी उभ्यानेच सांगितलं. एक मशीन बंद पडलं होतं. जे उत्तर आपण धरून बसलो ते जुनं होतं, कदाचित महिन्यांपूर्वीचं, तेव्हाच्या कमी उपशावर काढलेलं. पाणी खारं होतंय. पालीचं सांगितलं नाही. मला ते तोंडातून काढवेना.

दादा उठले. आत गेले, तांब्या भरून आणला, एक घोट घेतला. या वेळी तोंडात धरून ठेवला नाही.

"खारट," ते म्हणाले. मग आईला हाक मारून पुन्हा म्हणाले, "खारट हाय गो. माझी जीभ बरी हाय."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं तो आनंद होता. मला ते बघवलं नाही. गोळ्यांची पट्टी त्यांनी अंगणात भिरकावली. आई दारात उभी होती. ती हसली नाही. तिच्या लक्षात आलं होतं, आता पानवेलीचं काय.

दादांनी विचारलं, किती वर्षं? मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही, मशीनी वेगवेगळं सांगतात. मला वाटलं ते चिडतील. ते म्हणाले, "जिती असतील तर भांडतीलच की." आणि पहिल्यांदाच मला नीट बसवून त्यांनी विचारलं, कशात काय धरलंय, उपसा कुणाचा, पाऊस किती. मी माझ्या तोडक्या मराठीत सांगत गेले. अडले तिथे त्यांनी शब्द दिला.

बिल्डरचा माणूस पुन्हा आला तेव्हा दादांनी त्याला ओट्यावर बसवून खारट पाणी प्यायला दिलं आणि सांगितलं, जमीन विकायची नाही, नारळ सोसेल, नारळ लावतो. नारळ धरायला वर्षं जातात, हे त्यालाही माहीत होतं आणि दादांनाही. पानवेल काढायची ठरली. आईने स्वतः काढली. कुणाला हात लावू दिला नाही. वेली, मग काठ्या, मग वरचं झावळ्यांचं झाप. संध्याकाळपर्यंत तिथे नुसती जमीन आणि वर आभाळ.

नारळाची रोपं लागली. त्यांची उंची माझ्या गुडघ्याएवढीही नव्हती. एका दुपारी मी आईमागून त्या जागेतून जात होते. तिने चपला काढल्या, काठाशी ठेवल्या आणि मान खाली घालून, पाठ वाकवून, पूर्वी मांडव सुरू व्हायचा तिथून पुढे गेली. मी ताठ चालत होते. तिने मागे न बघता सांगितलं, "वाकून ये. लागेल डोक्याला."